काठजोडी थांबते का?

इतिश्री पृष्टीचा कवितासंग्रह कटकच्या पुस्तकमेळ्यात पहिल्या आठवड्यातच संपला. एकही प्रत उरली नाही. आता हे मी सांगितलंच नाही असं धरा, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा संग्रह निघणारच नव्हता.

आमच्या विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात प्रत्येक नवं पुस्तक आधी त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे तपासायला जातं. शेवाळावरचं शेवाळवाल्याकडे, मंदिरांवरचं मंदिरवाल्याकडे. इतिश्रीचं हस्तलिखित आलं तेव्हा संचालक मिश्रबाबूंनी चष्म्यावरून विचारलं, "कशावर आहे?"

"साहेब, कविता आहेत," मी म्हणालो.

"ते दिसतंय रे. कशावर?"

"काठजोडी नदीवर."

"मग नदीवाल्याकडे पाठव."

नदीवाले म्हणजे जलशास्त्राचे डॉ. दैतारी पाढी. त्यांचा अहवाल लगेच आला. 'पान ३१ : पुलाखाली नदी एका मुलीसाठी थांबते. नदी थांबली, तर मागून येणारं पाणी गेलं कुठे? लेखिकेने खुलासा करावा.'

मिश्रबाबूंना आनंद लपवता आला नाही. "हे पुस्तक रद्द. आणि यापुढे आपल्याकडे कविताच बंद!"

इतिश्रीचं हे पहिलंच पुस्तक. मला वाटलं, रडेल. ती तडक पाढीसरांच्या खोलीत शिरली.

"सर, लहानपणी मी रोज बघायचे. थांबते म्हणजे थांबते."

"बाळ, पाणी कुणाचं ऐकत नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

पाढीसर प्रवाह मोजायचं यंत्र घेऊनच निघाले, मागोमाग इतिश्री आणि मी. पुलाखाली होडीतून त्यांनी ते पाण्यात सोडलं. चक्र गरगर फिरलं. सर विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत सोबत आणलेला दहीबरा, म्हणजे कटकचा दहीवडा, खाऊ लागले.

"तिथे नाही हो," इतिश्री म्हणाली. "मी बसायचे त्या खांबामागे."

खांबामागे यंत्र सोडलं. चक्र थांबलं. सरांनी ते झटकलं, पुसलं, पुन्हा सोडलं. हललं नाही. दहीबऱ्याचा द्रोण नदीत पडला आणि तोही जागच्या जागी उभा राहिला.

"खांबाच्या आडोशाचं पाणी!" सर होडीत उभे राहून ओरडले. "शून्य! वेग शून्य! मी दरवर्षी शिकवतो हे!"

होडीवाला म्हणाला, "आधी खाली बसा, मास्तर."

दुसऱ्या अहवालात एकच दुरुस्ती होती : कवितेखाली खांबाचा क्रमांक द्यावा. तो दिला. मेळ्यात पाढीसरांचे सगळे विद्यार्थी रांगेत उभे राहिले. मोजून तपासता येईल अशी कविता त्यांनी पाहिलीच नव्हती. लोक पुस्तक घेऊन थेट पुलाखाली जायचे आणि द्रोण सोडून बघायचे. मिश्रबाबू प्रत्येकाला सांगत होते, "कवितेवर माझा पहिल्यापासून विश्वास."

मग दुसऱ्या आवृत्तीची तयारी सुरू झाली आणि पाढीसर पान ४७ वर आले. त्यांनी इतिश्रीला शेजारी बसवून जलसंपदा विभागाला अर्ज लिहिला :

'महोदय, सदर पानावर काठजोडी नदी आईच्या आठवणीने उलटी वाहते. लेखिकेचा आजवरचा अनुभव पाहता विधान खरे असण्याची दाट शक्यता आहे. तरी पडताळणीसाठी येत्या रविवारी सकाळी नदी अर्धा तास उलट्या दिशेने सोडण्यात यावी, ही विनंती. समुद्रास स्वतंत्रपणे कळविले आहे.'