नंदाच्या डब्याचं झाकण

विनय आठल्येला संशय घेण्याचा पगार मिळत असे. अमेरिकेत शॉमबर्गच्या एका विमा कंपनीत खोटे क्लेम हुडकून काढणारं सॉफ्टवेअर तो सांभाळायचा. त्याच्या बायकोचं, आसावरीचं, म्हणणं असं की ऑफिस सुटलं तरी हा माणूस त्यातून सुटत नाही. दुधाचा कॅन आणला की तारीख दोनदा वाचणार. शेजारच्या जिमने एकदा आपणहून यांच्या दारातला बर्फ काढून दिला, तर हा आठवडाभर विचार करत बसला की त्याला नक्की हवंय तरी काय. स्वभावाला औषध नाही म्हणून तिने नाद सोडला होता.

या स्वभावाचं मूळ मात्र तिला ठाऊक होतं. विनय आठ वर्षांचा असताना त्याचे वडील, जगन्नाथ आठल्ये, स्पेनला निघाले. मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते ते. जहाज उत्तरेकडच्या एका बंदरात उभं होतं आणि माणसांना तिथवर पोचवायला एजंटने माद्रिदहून एक लहानसं विमान ठरवलं होतं. ते धुक्यात पेन्या कोर्वा नावाच्या डोंगरावर आदळलं आणि जळून गेलं. विमानात बसणाऱ्यांमध्ये जगन्नाथचं नाव होतं, पण मृतदेह एक कमी भरला. बाकीच्यांची ओळख अंगठी, घड्याळ, कमरेच्या पट्ट्यावरून पटली. जगन्नाथचं म्हणावं असं काहीच मिळालं नाही.

तेव्हा रत्नागिरीच्या काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "चढलाच नसेल तो विमानात. दर्यावर फिरणारा माणूस, बंदरोबंदरी..." पुढचं वाक्य ते पोरासमोर पुरं करत नसत, तेवढाच काय तो त्यांचा विवेक. पुढे तर जगन्नाथला बार्सिलोनात पाहिल्याचंही कुणी कुणी सांगू लागलं. विनयच्या आईने, मालिनीने, कपाळावरचं कुंकू पुसलं नाही आणि या वावड्यांवर तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. पोराने आपल्यापुरता हिशेब जुळवला. आई कुंकू लावते म्हणजे बाबा जिवंत आहेत, आणि जिवंत असून येत नाहीत म्हणजे ते आपल्याला टाकून गेले. मग त्याने त्या माणसाचा मन लावून राग केला. लग्नाच्या पत्रिकेवर बापाचं नाव घालायचं नाही म्हणून हटून बसला आणि घालू दिलं नाही ते नाहीच.

तरी खोड जाईना. पेन्या कोर्वाच्या पायथ्याच्या गावात एउसेबिओ नावाचा एक शाळामास्तर होता. त्या डोंगराळ मुलखात वर्षानुवर्षं पडलेल्या विमानांची त्याने वेबसाइट काढली होती. यादवी युद्धातलं एक बाँबफेकी विमान, वादळात भरकटलेलं एक टपालाचं विमान, पाऊस पाडायला म्हणून उडालेलं एक शेतकी खात्याचं, आणि ते खलाशांचं. तो मुलूखच धुक्याचा, डोंगर दिसेपर्यंत डोंगरावर पोचलेलं असायचं माणूस. सुटीच्या दिवशी मास्तर मित्रांना घेऊन वर चढायचा आणि सापडलेल्या तुकड्यांचे फोटो टाकायचा. विनय अधूनमधून ते पान उघडायचा, मशीनने केलेलं मोडकंतोडकं इंग्रजी भाषांतर वाचायचा आणि या मास्तरला यातून नेमकं काय सुटतं, अशी शंका काढून बंद करायचा.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी सकाळी, तिथे नवा फोटो दिसला. स्टीलच्या डब्याचं झाकण. चेपलेलं, एका बाजूने काळं पडलेलं, आणि वर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. मास्तरने खाली लिहिलं होतं की खलाशांच्या विमानाजवळ कपारीत मिळालं, लिपी कळत नाही, अरबी असावी. ते पान चाळणाऱ्यांमध्ये ती लिपी वाचू शकणारा बहुधा एकटाच माणूस शॉमबर्गमध्ये चहाचा कप घेऊन बसला होता. त्याने वाचलं, सौ. नंदा पु. खांबेटे.

चहा निवला. ही नंदा कोण? दुसरा कुणी असता तर त्याला आधी साधंसुधं काही सुचलं असतं. विनयला बाई सुचली. काकांचं इतकी वर्षं लोंबकळत राहिलेलं वाक्य त्याच्या डोक्यात आपोआप पुरं झालं. बाबांच्या सामानात परक्या मराठी बाईचा डबा. की ही बाईच त्या विमानात होती? की हे सगळं मास्तरचं नाटक? पण अरबी समजून कुणी देवनागरीत खांबेटे कोरणार नाही, एवढं त्यालाही मानावं लागलं.

"आईंना विचार ना सरळ," आसावरी म्हणाली. आई सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे आलेली होती. "किचनमध्येच आहेत यार त्या."

"सरळ विचारलं की लोक सरळ उत्तर देत नाहीत."

"लोक नाहीत, विनय. आई आहे ती तुझी."

त्याने ऐकलं नाही. हाक मारून आईला स्क्रीनसमोर बसवलं आणि स्वतः बाजूला असा उभा राहिला की फोटो नाही, तिचा चेहरा दिसावा. कणकेचे हात तसेच वर धरून मालिनीने बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण हात हळूहळू खाली आले आणि नेसूच्या सुती साडीला कणीक लागली, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

"नंदाचं दिसतंय," ती म्हणाली.

"कोण नंदा?"

"होती एक." ती उठून गेली. झाकण कुठे सापडलं, कुणाला सापडलं, मुलाने ते का दाखवलं, काही म्हणजे काही विचारलं नाही तिने. थोड्या वेळाने पोळी करपल्याचा वास आला, आणि आईची पोळी करपलेली विनयने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्याच्या मनात पाल चुकचुकली. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

पुढे दोन दिवस तिने ताकास तूर लागू दिली नाही. नातीच्या वेण्या घातल्या, देवापुढे बसली, टीव्हीवरचं हवामान बघितलं. विनय समोर आला की मात्र तिला काहीतरी काम आठवायचं. सोमवारी सकाळी तो ऑफिसला निघाला आणि बॅज विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला. घरात आई एकटीच होती. परदेशी फोन लावायचं आसावरीचं कॉलिंग कार्ड तिच्या मांडीवर होतं आणि ती फोनवर बोलत होती.

"नंदे, तुझं झाकण सापडलं गं." मग तिने पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही, त्याला काही ठाऊक नाही. तू इतकी वर्षं बोलली नाहीस, आता नको बोलूस."

विनय दारातच उभा राहिला. तिने फोन ठेवला, वळली आणि तिला तो दिसला.

"काय ठाऊक नाही मला?" त्याचा आवाज त्यालाच चिरका वाटला. "बाबांची बाई होती ना ती? आणि तू तिला फोन करतेस?"

मालिनीला हसू फुटलं, पण ते हसू नीट उमटलंच नाही, मध्येच मोडलं. "नंदा? अरे वेड्या, समोरची मावशी ती! चेंबूरला आपल्या समोरच्या ब्लॉकमधली. त्यांची नागपूरला बदली होईपर्यंत शाळेतून आलास की तिच्याकडेच तर जेवायचास."

समोरची मावशी. तिला दुसरं नाव असेल हे विनयच्या कधी मनातही आलं नव्हतं. पोरांना शेजाऱ्यांची नावं कुठे ठाऊक असतात.

"दिवाळीला तिने त्या डब्यातून अनारसे दिले होते," आई सांगू लागली. "परत करायचा राहिला. मेलं आपण भांड्यांवर नावं घालतो, झाकणावर घालतो, डब्यावर घालतो, आणि तरी प्रत्येकीच्या मांडणीत दुसरीचं काहीतरी असतंच. हे निघाले तेव्हा डिंकाचे लाडू त्यातच भरून दिले."

"म्हणजे बाबा विमानात होते."

"होते."

एवढंच म्हणाली ती. विनयने विचारलं, "आणि हे तुला शनिवारी कळलं?"

खोटं बोलायची तिला ती शेवटची संधी होती. तिने घेतली नाही. "नाही रे. तेव्हाच कळलं. महिना झाला नसेल, कंपनीचा साहेब डबा घेऊन घरी आला होता. झाकण नव्हतं, काळाठिक्कर पडलेला नुसता डबा. साहेब बंगाली, त्याला वाचता येईना. म्हणाला, हे तुमच्या मिस्टरांचं का बघा. मी हातात घेतला आणि वाचून दाखवलं. नंदा खांबेटे लिहिलंय म्हटलं, मी मालिनी आठल्ये. नंदा तिथेच बसली होती, तुला जवळ घेऊन. तिने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं नाही. साहेबाने डबा कागदात गुंडाळला आणि घेऊन गेला."

"का?"

"तुझे काका दुसऱ्या दिवशी यायचे होते. विधवा भावजयीला आणि पोराला रत्नागिरीला न्यायचं, माझी शाळेतली नोकरी सोडवायची, जागा विकायची, सगळं ठरवून. पण नवरा बेपत्ता असेल तर बाईला हलवता येत नाही, त्याची जागा विकता येत नाही. कुणी सांगावं, उद्या दारात उभा राहायचा." मग म्हणाली, "आणि हेही हवं होतं मला." तिने बोट कपाळाकडे नेलं. "एकतीस वर्षांची होते. मागच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचं काय झालं ते बघत होते. संक्रांतीला त्यांच्या दारावरून सगळ्या जणी पुढे जायच्या."

विनयला हे कळत होतं. हेच त्याला नको होतं, ते कळणं. "आणि काका म्हणायचे ते पळाले म्हणून? बार्सिलोनातल्या त्या गोष्टी? ते तू ऐकून घेतलंस?"

"नाही म्हटलं असतं तर तुला कसं ठाऊक, असं विचारलं असतं त्यांनी."

"मी ऐकत होतो, आई." तो ओरडलाच. "मी! शाळेत बाप काय करतो विचारलं की माझी मान खाली जायची. मी त्यांना शिव्या घालत मोठा झालो. पत्रिकेवर नाव येऊ दिलं नाही त्यांचं!"

"पत्रिकेच्या त्या दिवशी सांगणार होते. धीर झाला नाही. आणि मग दर वर्षी जास्तच अवघड होत गेलं रे. मला वाटलं होतं, जिवंत आहेत म्हटलं तर पोराला आधार वाटेल. तू त्यांना असा टाकून देशील हे नव्हतं आलं ध्यानात. आलं तोवर तू मोठा झाला होतास."

जगाचे खोटे दावे पकडणाऱ्या विनयने घरातला सगळ्यात मोठा खोटा दावा रोज तूपभाताबरोबर खाल्ला होता. त्याला आईचा संताप आला, खरोखरचा. पण त्याच्या आडून दुसरंच काहीतरी वर येत होतं. कुणी त्याला टाकून गेलं नव्हतं. एक माणूस लाडवांचा डबा घेऊन कामावर निघाला होता आणि मेला होता, बस. आणि त्या मेलेल्या माणसासाठी त्याच्या मुलाने आजवर एक टिपूससुद्धा गाळलं नव्हतं. विनय तिथेच, बूट न काढता, जिन्याच्या पायरीवर बसला आणि मोठ्याने रडला. आईने त्याला जवळ घेतलं नाही. तो हक्क आपला राहिला नाही असं तिला वाटलं असावं.

त्याचं रडणं ओसरल्यावर ती संगणकापाशी जाऊन बसली. "त्या मास्तरांना लिही," म्हणाली.

"काय लिहू?"

"झाकण आमचं आहे म्हणून लिही. आणि माणूसही आमचाच."

विनयने खुर्ची ओढली. पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली आणि नावाशी येऊन अडला. बापाचं नाव त्याला काय ठाऊक नव्हतं? पण बोटं चालेनात. मालिनीने जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं, कायम हे नाहीतर ते. ती आता स्वच्छ म्हणाली, "जगन्नाथ विष्णू आठल्ये."

त्याने एकेक अक्षर टाइप केलं.

"नुसतं नको," ती म्हणाली. "आधी कैलासवासी घाल."