पहिल्यांदा कुठी टेकवला

तुम्ही एका बाईला उचलून नेलं, साहेब, आणि चार वर्षं झाली तरी कुठे ठेवलं ते सांगत नाही. तुमच्या लेखी ती बाई नाही, एकतिसावा दगड आहे. बेटावर मात्र सगळे तिला दसरूभाऊची बायको म्हणूनच ओळखतात. आणि तिच्यापायी मला ओळखेनासे झालेत.

मी वाजिद. चंद्रपूरला जटपुरा गेटपाशी स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करायचो. सत्त्याण्णव साली सिरोंच्याच्या खाली, नदीतल्या या बेटावर तुमच्या दगड तपासणाऱ्या खात्याचा तंबू पडला होता. तुमच्या चारही बत्त्या पेटेनात म्हणून मला बोलावलं. दोन दिवसांचं काम. तिथं तुमच्या माणसानं मला दगड झालेलं झाड दाखवलं. साल, गाठी, आतली वर्तुळं, सगळं झाडाचं, आणि हातात घेतलं तर दगड. कोट्यवधी वर्षांचा. मी येडा झालो म्हणा. तुम्ही म्हणालात, "लोकांना समजावणारा माणूस पाहिजे. राहतोस का?" मी राहिलो.

चाळीस घरांचं बेट. दर मंगळवारी शाळेच्या पडवीत मी दगड मांडून बसायचो. ओला फडका फिरवला की वर्तुळं उठून दिसायची. पोरं मोजायची, बाया हसायच्या. हे फोडू नका, चुलीला लावू नका, बाहेरच्या माणसाला देऊ नका, हे बेट सगळ्या दुनियेनं पाहावं असं होणार आहे, असं मी सांगायचो. तुम्ही मला सांगायचे तेच.

मग तुमचा निरोप आला. घराघरांतले दगड गोळा करा, तपासून सहा महिन्यांत परत, बेटावरच माहितीघरात काचेच्या कपाटात ठेवू. मी दारोदार फिरलो. कोणाच्या दाराचा अडसर, कोणाच्या बैलाचा खुंटा. आशाबाईकडे तर धुण्याचा दगडच तो.

"बारा वर्सं लुगडी आपटली मी याच्यावर," ती म्हणाली. "तवा तुह्या झाडाले काई झालं नाई. आता कपाटात नाई बसवलं तर मरते का थो?"

"बाई, याच्याएवढं जुनं काही नाही दुनियेत."

"माहा नवरा पाह्यला नाई वाटते तू."

हसत हसत दिला तिनं. तीस दगड असेच हसत आले. एकतिसावा दसरूभाऊचा होता.

त्यांच्यात माणूस मेलं की घरचा माणूस नदीवर जातो, मनात भरेल तो दगड उचलतो आणि खांद्यावर आणतो. वाटेत कुठे टेकवायचा नाही. जिथं पहिल्यांदा टेकेल तिथं गेलेलं माणूस बसतं, मग घरच्यानं उचलून दिल्याशिवाय ते तिथून उठत नाही, आणि उठलं तर पुन्हा पहिल्यांदा टेकेल तिथंच बसतं. दसरूभाऊनं बायकोचा दगड दोन कोस टेकवला नव्हता. सहा महिन्यांच्या लेकराएवढा, आणि वर्तुळं अशी साफ की मोजताना बोट चुकू नये. धानाच्या बांधीच्या काठाला उभा. दर साली नवं धान निघालं की तो आधी तिला धुणार, हळद लावणार, नव्या तांदळाचा घास तिच्यापुढं ठेवणार आणि मगच आपण खाणार.

"हळदीनं वर्तुळं खराब होऊन राह्यली, दसरूभाऊ," मी म्हणालो. "तिथं काचेत राहील. पाऊस नाही, ऊन नाही."

"तिले ऊन आवडे," तो म्हणाला.

मी महिनाभर त्याच्या मागे लागलो. शेवटी त्यानं एकच विचारलं, "नेता-आणताना खाली तं नाई ठेवन ना कोणी?"

"नाही. माझ्या जबानीवर."

"मंग ने. पन मांडीवर ने."

नावेत मी मांडीवरच धरला. पलीकडच्या काठावर तुमची जीप उभी होती. तीस दगड मागे पोत्यात टाकलेले. पुढं बसलेल्या तुमच्या माणसाच्या मांडीवर मी तो ठेवला आणि सांगितलं, चंद्रपूरपर्यंत खाली ठेवू नका. तो हसला. म्हणाला, "चल की मग तूच, जागा आहे." मी गेलो नाही. त्या दिवशी मंगळवार होता. पडवीत पोरं वाट पाहत होती, आणि मला शिकवण्याची नशा चढली होती. हे माझं पाप. ते मी तुमच्यावर घालत नाही.

सहा महिने गेले. माहितीघराचा पायासुद्धा खणला नाही. एक लोखंडी पाटी तेवढी आली, "या ठेव्याचे जतन करणे आपले कर्तव्य आहे." ती मीच रोवली. कोठे, तर दसरूभाऊच्या बांधीच्या काठाला.

नवं धान आलं. दसरूभाऊनं मळलं, झोडलं, कणगीत भरलं आणि जुनाच तांदूळ शिजवला. दुसऱ्या साली जुना तांदूळ संपला. तो शेजारच्या गावाहून ज्वारी आणून खाऊ लागला. स्वतःची कणगी भरलेली आणि म्हातारा ज्वारी खातो, हे चाळीस घरं पाहत होती. मला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मंगळवारी पडवीत कोणी येईना. नाववाला मला न्यायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही. रस्त्यात आशाबाई दिसली तर पदर ओढून बांधावरून जायची.

चंद्रपूरला तुमच्या कचेरीत मी चारदा आलो. शेवटच्या खेपेला एका बाबूनं यादी काढली. "तीस आहेत."

"एकतीस."

"तीस म्हटलं ना. एकतिसावा आलाच नाही."

जीपमधला माणूस बदलून गेलेला. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही. तीन गल्ल्यांवर माझं घर होतं. अम्मी, म्हणजे रहमतबी, दरवाजात उभी राहून म्हणाली, "बस कर अब. दुकान खोल." मी परतीची बस धरली. दुकान उघडून काय करू? म्हातारा तिकडे ज्वारी खात होता.

मग मी खोटं केलं. नदीत आठ दिवस शोधून तसाच एक दगड काढला. तेवढाच, तशीच वर्तुळं. खांद्यावर घेतला, टेकवला नाही, आणि दसरूभाऊच्या बांधीवर गेलो. म्हणालो, "आणली."

त्यानं दगडावरून हात फिरवला. बराच वेळ. "वाटेत कुठी टेकवला?"

"कुठेच नाही."

"ही माही बुढी नाई, वाजिद."

मी दगड खांद्यावर घेऊन परत वळलो.

"ही दुसऱ्याची कोनी हाय," तो म्हणाला. "पन आनली ना तू. आता हाकलता येते का तिले?" आणि त्यानं तो दगड रिकाम्या खड्ड्याशेजारी बसवला. धुतला, हळद लावली. नव्या तांदळाचा घास तिच्यापुढं ठेवला. स्वतः खाल्ला नाही.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलतो. अख्ख्या बेटावर तो एकटाच. माझी नेमणूक तुम्ही कधीच रद्द केली, मी राहिलो तो त्याच्यासाठी. संध्याकाळी आम्ही दोघं बांधीवर बसतो, मध्ये ती परकी बाई आणि तुमची पाटी. परवा तो म्हणाला, "दगड नाई दिला तरी चालन. साहेबाले इचार, पहिल्यांदा कुठी टेकवला. मी जाईन तिथी. तिच्यापुढं बसून खाईन. मले आता बसमध्ये चढवत नाई, पन तू धरशीन ना?"

धरीन. यंदाचं धान कापून झालं आहे. आठ दिवसांत मळणी आहे. म्हातारा वाळला आहे, पुढच्या धानाचं मी सांगत नाही.

तेव्हा साहेब, मला दगड नको, माहितीघर नको, माफीही नको. तुमचा तो माणूस कुठल्याही कचेरीत असेल, त्याला विचारा. त्याच्या मांडीला रग लागली असेल, जीप चहाला थांबली असेल, चाक बदललं असेल. आलापल्लीच्या टपरीवर? आष्टीच्या पुलावर? तुमच्या फाटकाच्या आत, सायकली लावतात तिथं? बेटापासून तुमच्या टेबलापर्यंत ती बाई पहिल्यांदा कुठी टेकवली?

सांगा.