कश्मिराचा फ्रीज

"बाईचा फ्रीज बाप्यानं रिकामा केला, तर आधी बाई कुठं हाय ते विचारावं गो," रशीदाभाभी म्हणाल्या होत्या.

मी हसले होते. "भाभी, तुम्ही सीरियली फार बघता."

भाभी खालच्या मजल्यावर राहतात. मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांचे मिस्टर महमूदभाई इथं गल्फमध्ये, मनामात कापडाचा धंदा करतात, आमच्या जन्माआधीपासून. त्या गुरुवारी संध्याकाळी कढीपत्ता मागायला वर आल्या, तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर समोरच्या फ्लॅटमधलं सामान मांडलेलं होतं आणि मी खुशीत होते. निवडलेली मेथी, कागदात गुंडाळून. ओल्या फडक्यात बांधलेली मटकी, मोड नुकते डोकावायला लागलेले. घट्ट लागलेलं दही. गोठवलेले वाटाणे, खवलेलं खोबरं, सुरमईचे तुकडे. आणि मोठ्या स्टीलच्या डब्यात इडलीचं पीठ.

कश्मिराचा नवरा, वरुण, तासाभरापूर्वी हे सगळं आणून देऊन गेला होता.

"कश्मिरा दुपारच्या फ्लाइटनं इंडियाला गेली, वहिनी. तिकीट महिन्यापूर्वीच काढलं होतं. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले. मला जरा लागलंच.

"मी काय, ऑफिसात खाईन. फ्रीज खलास करायचा होता. टाकूनच देणार होतो, पण म्हटलं, लीनावहिनींच्या शेजारी राहून अन्न टाकलं तर आपल्याला इथून हाकलूनच देतील."

तो हसला, मीही हसले. त्यानं पिशव्या थेट ओट्यापर्यंत आणून दिल्या. किती व्यवस्थित माणूस आहे, असं मला वाटलं.

भाभी गेल्यावर मी आठवड्याचा बेत नव्यानं मांडला. शुक्रवारी सकाळी इडली, शनिवारी मटकीची उसळ, रविवारी मेथी घालून डाळ, मग सुरमई. दुधाव्यतिरिक्त खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याकडे, पाऊल टाकायची गरज नव्हती. हे कुणाला क्षुल्लक वाटेल. पण निधी झाल्यावर माझी नोकरी सुटली, सनाबिसमधल्या या घराचं भाडं तेवढंच राहिलं, आणि त्या दिवसापासून माझा जीव या एकाच गोष्टीत अडकला: घरात आलेला दाणा वाया जाता कामा नये. मी गॅसचं बटण तीनदा बघते. डब्यावरची तारीख दोनदा वाचते. शिळ्या खुबूसचे, म्हणजे इथल्या अरबी रोटीचे, तुकडे तव्यावर कडक करून चिवड्यात घालते, कोथिंबिरीचे देठ चटणीत, दुधीची सालं चटणीत, पनीरचं पाणी कणकेत. शेखर, माझा नवरा, पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडे सांभाळून बसा, फार वेळ हलला नाहीत तर ही तुम्हालाही फोडणीला टाकेल."

कश्मिरा हे सगळं माझ्याकडून शिकली.

ती लग्न होऊन नाशिकहून गेल्या वर्षी आली. वरुण ऑफिसला गेला की आमच्याकडे यायची आणि ओट्याला टेकून उभी राहायची. बोलायच्या आधी हसायची सवय. "लीनाताई, भाजी कधी आणायची? लीनाताई, टोमॅटोची पेटी घेतली तर सडत नाही का?" मी तिला सेंट्रल मार्केटला घेऊन गेले, पेटीतले टोमॅटो वाफवून गाळून कसे गोठवायचे ते दाखवलं. आठवड्याचं जेवण आधी ठरवायचं आणि मग बाजारात जायचं, उलटं नाही, हे तिनं एका दिवसात पकडलं. माझ्यापेक्षा हुशार निघाली. एकाच कोंबडीत तीन जेवणं बसवायची.

"ताई, घरखर्चातून वाचलेलं नवऱ्याला सांगावंच लागतं का हो?" एकदा तिनं विचारलं.

"छट्! कानातले घे मस्त."

ती हसली. मग म्हणाली, "मुंबईचं तिकीट या दिवसांत केवढ्याला पडतं?"

मला वाटलं, माहेरची ओढ. म्हणूनच वरुणनं तिकिटाचं सांगितलं तेव्हा मला काही खटकलं नाही. सगळं जुळत होतं.

शुक्रवारच्या इडल्या अशा काही फुगल्या की निधीनं चार खाल्ल्या. "आई, these are the best!" शनिवारी मटकी परातीत काढली. मोड बोटाच्या पेराएवढे, बरोबर उसळीजोगे. आणि माझा हात तिथेच थांबला.

गल्फमध्ये राहणारी कुठलीही बाई सुट्टीवर जायच्या आधी पंधरा दिवस फ्रीज खाऊन संपवायला लागते. हे मीच कश्मिराला शिकवलं होतं. शेवटच्या आठवड्यात नवीन काही आणायचं नाही, काही भिजवायचं नाही, निघायच्या दिवशी फ्रीजमध्ये लोणचं आणि पाण्याच्या बाटल्या उरल्या पाहिजेत. महिन्यापूर्वी तिकीट काढलेली बाई निघायच्या दिवशी इडलीचं पीठ वाटत नाही. शनिवारच्या उसळीसाठी मटकी बांधत नाही. मेथी तर नाहीच निवडत.

शेखरला सांगितलं. तो टीव्हीसमोर होता.

"विसरली असेल."

"कश्मिरा?"

"मग नवऱ्यासाठी करून ठेवलं असेल."

"त्याला इडलीचं पात्र कुठं असतं तेही माहीत नाही."

"लीना, फुकटचं सामान आलं तर तेही तुला पचेना. खा की गप."

मी कश्मिराला मेसेज टाकला. उत्तर संध्याकाळी आलं, इंग्रजीत, की पोहोचले, घरच्यांत बिझी आहे. ती मला कधीच लिहीत नसे. नेहमी आवाज रेकॉर्ड करून पाठवायची, लांबच लांब, मध्येच स्वतःच हसत. मी फोन लावला, तो बंद होता.

आमचं आणि त्यांचं स्वयंपाकघर एकाच डक्टवर उघडतं. तिथं त्यांच्या बेडरूमच्या एसीचं बाहेरचं मशीन आहे. रविवारी वरुण ऑफिसला गेला, मी त्याची राखाडी गाडी जाताना गॅलरीतून पाहिली, आणि परत येऊन भांडी घासताना लक्षात आलं की मशीन घरघरतंय. सोमवारीही तेच. दिवसभर चालायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

"बंद करायला विसरतो तो," शेखर म्हणाला. "तू आता शेजाऱ्यांच्या लाइटबिलाचंही प्लॅनिंग कर."

मी गप्प बसले. इथं माणूस गप्प बसायला लवकर शिकतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई, चार मराठी घरं, सगळ्यांची गणपतीला एकमेकांकडे ये-जा. उद्या कश्मिरा खरोखरच नाशिकला आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली निघाली, तर मी कुठल्या तोंडानं दार उघडणार होते?

पण इडलीच्या पिठाचा डबा परत करायचा होता. तेवढं तर कुणाच्याही डोळ्यांवर येणार नव्हतं. सोमवारी संध्याकाळी मी त्यात भरपूर तूप घालून सांजा भरला आणि बेल वाजवली. वरुणनं दार अर्धंच उघडलं आणि स्वतः त्या फटीत उभा राहिला.

"अहो कशाला, वहिनी!"

"रिकामा कसा देऊ? कश्मिराची आई काय म्हणते?"

"मजेत. सगळे मजेत." त्यानं डबा घेतला. दार लागलं. मग आतून कडी, आणि तिच्यावर आणखी एक कडी.

मंगळवारी अकराच्या सुमारास दार उघडलं, तर तो डबा आमच्या दाराच्या मुठीला पिशवीत अडकवलेला होता. वरुण निघून गेला होता. डबा स्वच्छ घासलेला, कोरडा. परत का दिला, तो तर त्यांचाच होता, असं म्हणत मी सवयीनं झाकण उघडलं.

तळाशी साखर होती. चिमूटभर.

मी डबा ओट्यावर ठेवला. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, घरात काहीच नसलं तर साखरेचे चार दाणे तरी घालावेत, हे मुलीला तिची आई शिकवते. वरुणनं तो बंद डबा उचलून पिशवीत टाकला असणार, आत बघायचं त्याला सुचलंही नसणार. तो तिनं घासला होता, आणि डबा लीनाताईंचा आहे असं तिनंच त्याला सांगितलं असणार. आणि त्या घरात तिच्या हाताला घालण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, कारण बाकी सगळं आम्ही खाल्लं होतं.

मी तशीच समोरच्या दाराशी गेले. आत कुठंतरी नळ चालू होता. "कश्मिरा," मी हाक मारली.

नळ बंद झाला.

"कश्मिरा, मी लीनाताई. बोलू नकोस हवं तर. मला साखर मिळाली."

मग दाराच्या अगदी पलीकडे, खाली जमिनीजवळ, कुणीतरी बसल्याचा कपड्यांचा आवाज. श्वास ऐकू येत होता. की माझाच होता.

"तो कोंडून जातो का?"

इतक्या हळू की मला कान लाकडाला लावावा लागला, ती म्हणाली, "तिकिटाचे पैसे सापडले त्याला. ताई, तुम्ही जा. त्याला कळेल."

मी धावत भाभींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन उचलला. "पोलीसला लावते."

"एक मिनिट, भाभी. शेखरला विचारते."

"विचारायचं काय त्यात?"

मी फोन लावून विचारलं. शेखरचा आवाज बदलला. "तू आधी शांत हो. पोलीस म्हणजे त्याची नोकरी गेली, व्हिसा गेला, तिचाही गेला. आपल्यातला माणूस आहे, लीना. मी बोलतो त्याच्याशी. समजावतो."

"शेखर, नको, त्याला फोन—"

त्यानं ठेवून दिला होता.

तेवढ्यात निधीच्या शाळेच्या बसची वेळ झाली. भाभी पोलिसांना फोन लावत म्हणाल्या, "तू पोरीला घेऊन ये, मी वर जाऊन दारात बसते." मी खाली उन्हात उभी राहिले. बस उशिरा आली. निधीचा हात धरून लिफ्टमधून बाहेर पडले, तर समोरचं दार सताड उघडं होतं आणि भाभी भिंतीला धरून उभ्या होत्या. 

"घेऊन गेला. आत्ता."

"तुम्ही अडवलं नाही?"

"विचारलं गो. म्हटलं, कश्मिरा, पोरी, कुठं निघालीस? तो म्हणतो, आजच आली इंडियातून, तब्येत बरी नाय, डॉक्टरकडे नेतो. तिचं कोपर असं धरलेलं. तिनं मान वर केली नाय. ओठ सुकून गेलेले. मी तिचा हात धरला, तर त्यानं माझा हात काढला. हळूच. हसत. लिफ्ट सरळ पार्किंगला गेली."

मी आत गेले. बेडरूमचा एसी चालूच होता. बेडरूमच्या दारावर बाहेरून बसवलेली कडी नवीकोरी होती, बेल वाजली की कश्मिराला आत कोंडण्यासाठी, स्क्रूंखाली लाकडाचा भुसा अजून पडलेला. स्वयंपाकघरात फ्रीजचं दार उघडं आणि वायर काढलेली.

पोलीस आले, महमूदभाईंनी अरबीत सगळं सांगितलं. पोलीस नीट बोलले, त्यांनी नीट ऐकलं, फोटो काढले. दोन दिवसांनी कळलं की कश्मिरा देश सोडून गेलेली नाही. कुठल्याही विमानात नाही, समुद्रावरच्या पुलावरून सौदीलाही नाही. वरुणचाही फोन बंद आहे, ऑफिसात तो पुन्हा गेलेला नाही. नाशिकला तिची आई रोज मला फोन करते. मी तिला काय सांगू? ते शोधताहेत, एवढंच सांगते.

शेखर आता थट्टा करत नाही. सुट्टीच्या दिवशी तो मला आणि निधीला गाडीत घालतो आणि आम्ही रिफात हिंडतो, अमवाजला जातो, बिल्डिंगांच्या पार्किंगमध्ये हळूहळू फिरत राखाडी गाड्यांचे नंबर वाचतो. तो मान वळवून दुसऱ्या बाजूच्या गाड्या बघतो, म्हणजे मला त्याचा चेहरा दिसू नये.

हे बेट लहान आहे. ती याच बेटावर आहे, कुणाच्या तरी भिंतीपलीकडे.

तुम्ही इथं राहत असाल, आणि तुमच्या मजल्यावर एवढ्यात एखादा गोड बोलणारा, नीटनेटका मराठी माणूस राहायला आला असेल, एकटाच आहे म्हणत असेल, तर तो बाहेर गेल्यावर त्याच्या दाराशी जा. मराठीत हाक मारा. तिचं नाव कश्मिरा. पंचविशीची, सावळी, डाव्या भुवईवर तीळ. ती लगेच उत्तर देणार नाही. तुम्ही तिथून हलू नका, कुणाला विचारत बसू नका, त्याच्याशी तर बोलूच नका. तिथं उभं राहूनच पोलिसांना फोन करा. उद्यावर टाकू नका. आत्ता जाऊन बघा.