सासूबाईंनी शिवलेलं जाकीट

ला वेगा नावाच्या आमच्या गावात आम्ही मोटरसायकलवरून सवाऱ्या नेतो. आमच्या स्टँडवरच्या नेरेओला रुपेर्तोच्या पावाच्या गाडीनं धक्का दिला, तेव्हा तो उडून थेट रताळ्यांच्या हातगाडीत जाऊन बसला. फारसं लागलं नाही, पण अब्रूला बरंच खरचटलं.

रुपेर्तो खाली उतरला. "अरे, तू होय! दिसलाच नाहीस बघ."

"एवढा धिप्पाड माणूस दिसला नाही? आणि खाली लालभडक गाडी?"

"लाल आहे का ती?" रुपेर्तोनं अगदी मनापासून विचारलं.

ही गोष्ट नेरेओच्या सासूबाईंच्या, दुल्विनाबाईंच्या, कानावर गेली. कार्निव्हलात नाचणाऱ्या सैतानांचे पोशाख शिवण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नाही. त्या उसळल्याच. "माझा जावई दिसत नाही म्हणजे काय? थांबा, दाखवतेच!"

उरल्यासुरल्या कापडातून त्यांनी जाकीट बेतलं. पिवळंधमक साटण, छातीवर टिकल्या, बाह्यांना घुंगरं आणि पाठभर आरसे.

"आई, मी हे घालणार नाही," नेरेओ म्हणाला.

"घाला गुमान, जावईबापू. माझ्या लेकीला विधवेचा काळा रंग शोभत नाही."

नेरेओनं ते घातलं. स्टँडवर आला तसा आमच्यातला कीको ओरडला, "अरे सैताना, कार्निव्हल कधीच संपला! तुला कुणी उठवलं नाही का?"

पण दिसण्याच्या बाबतीत बाईंचा शब्द खरा ठरला. कुत्री मागे लागली, पोरं मागे लागली, चर्चच्या दारातल्या एका आजोबांनी छातीवर क्रूस काढला. बायका मात्र नेरेओसाठी रांग लावू लागल्या. मागे बसलं की समोर आरसेच आरसे! शाळेतल्या एनेइदाबाई तर रोज त्याच्या पाठीत बघून लिपस्टिक लावायच्या.

"जरा ताठ बस रे, ओठ वाकडा दिसतोय."

"बाई, पुढे खड्डा आहे!"

"मग चुकव की. खालचा ओठ राहिलाय अजून."

असं सगळं मजेत चाललं होतं. एके सकाळी चौकात रुपेर्तो समोरून आला. त्याला नेरेओ लांबूनच दिसला आणि त्याला इतका आनंद झाला की भर चौकात गाडी थांबवून तो खिडकीतून अर्धा बाहेर आला. "दिसलास! नेरेओ, दिसलास रे!"

मागून कोबीचा ट्रक येत होता. त्याचा ड्रायव्हरही नेरेओकडेच बघत होता. धाडकन आवाज झाला आणि सगळा चौक पावांनी भरला. कुत्र्यांनी नेरेओचा पिच्छा सोडला तो तेव्हा.

वाहतूक पोलीस आला, डोळ्यांवर आडवा हात धरून. "चूक कुणाची ते नंतर बघू. आधी हा सूर्य झाका!"

नेरेओनं तिथल्या तिथे जाकीट उतरवलं. आत तो उकडलेल्या रताळ्यासारखा झाला होता. त्याला रुपेर्तोची दया आली, म्हणून त्यानं पाव गोळा करायला मदत केली.

मग दुल्विनाबाईंनी शहाण्यासारखा बिनबाह्यांचा साधा पिवळा अंगरखा शिवला, पुढेमागे चमकत्या पट्ट्या लावून. न घुंगरं, न आरसे. तो अंगात हलका, लांबून दिसणारा आणि कुणाला न दिपवणारा होता. आम्ही सगळ्यांनीच बाईंकडे तसेच शिवायला टाकले.

कीकोला मात्र पाठीवर चमकत्या अक्षरांत नाव हवं होतं. "मोठ्ठं लिहा, मावशी. चौकातून वाचता आलं पाहिजे."

"काय नाव?"

"यानेलिस."

"अरे, तुझी बायको मिरेया ना?"

"तुम्ही शिवा हो."

बाईंनी शिवलं. दुसऱ्याच दिवशी मिरेयानं ते चौकातून वाचलं. कीकोला गाडीला किक मारायलाही वेळ मिळाला नाही, तो पायीच पळत सुटला. मागे मिरेया, हातात केळी तळायची कढई! तो कुठल्याही गल्लीत वळो, भिंतीआड लपो, पाठ लांबूनच लखलखायची.

दुल्विनाबाई गळ्यात टेप टाकून दारात उभ्या होत्या. कौतुकानं म्हणाल्या, "बघा, एवढा पळतोय, पण एक टाका सुटला नाही."