आठ वाजताच्या दोन गोळ्या

माझे सासरे बद्रीनाथ मामा शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्तीनंतरही आमच्या धावडा गावातल्या व्हॉलीबॉलच्या सामन्यांना पंच तेच. चार वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन निघाला. हात थरथरायचा, पाऊल घासत पडायचं. पण सकाळी आठची गोळी घेतली की नऊपासून दुपारपर्यंत अंग मोकळं व्हायचं. तेवढ्या वेळात ते दोन सामने उरकायचे.

यंदा स्पर्धेच्या तोंडावर मात्र सगळं बिघडलं. दहा वाजले तरी अंग लाकडासारखं. सरावाच्या दिवशी नेटजवळच्या उंच स्टुलाची पहिली पायरीसुद्धा त्यांना चढवली नाही. घरी येऊन म्हणाले, "तृप्ती, दुसरा पंच बघा म्हणा. गोळी लागूच पडून न्हाई राह्यली."

"रोग वाढला असंन," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मला पटेना. एका आठवड्यात एवढा? मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसले. आठवड्यापूर्वीच्या तारखेवर सिलिंडर आल्याची खूण दिसली आणि आठवलं, त्याच दिवशी माझे दीर कल्याणभाऊजी पुण्याहून आल्ते. येताना मामांसाठी ताकदीच्या गोळ्यांची बाटली आणल्ती. मामा ती गोळीही आठलाच घ्यायचे, पार्किन्सनच्या गोळीसोबत, एकाच घोटात.

पोळ्या लाटता लाटताच बाटली उलटी करून वाचली. जीवनसत्त्वांच्या खाली लिहिलं होतं, लोह. माझ्या बाळंतपणाच्या वेळी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी बजावलं होतं, लोहाची गोळी कॅल्शियमसोबत घ्यायची नाही. मंग पार्किन्सनच्या गोळीसोबत तरी चालते का? तव्यावरची पोळी तशीच सोडून मी जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"बरं झालं विचारलंत," ते म्हणाले. "लोहामुळे पार्किन्सनचं औषध पोटातच अडकतं, रक्तात कमी उतरतं. दोन्हीत निदान दोन तासांचं अंतर लागतं. त्यांना लोहाची गरज आहे का, ते रक्त तपासून ठरवू. तोवर ती बाटली बंद. पार्किन्सनची गोळी मात्र वेळेवर, कमीजास्त करायची नाही."

पोळीचा कोळसा झाला होता.

तिसऱ्या दिवशी सव्वानऊला अंगणातून धप धप आवाज आला. मामा भिंतीवर बॉल मारत होते! "तृप्ती, अगं इकडं ये जल्दी! बघ, हात बघ!" सासूबाई पीठभरल्या हातांनी तशाच बाहेर धावल्या.

रविवारी अंतिम सामना, धावडा विरुद्ध तीर्थपुरी. मामा न अडखळता स्टुलावर चढले. पाचवा सेट, चौदा-तेरा, एक गुण मिळाला की धावडा जिंकणार. आमच्या संघातल्या सोमेश्वरनं उंच उडी मारून असा बॉल ठोकला की मैदान नाचायला लागलं.

शिट्टी वाजली. मामांचा हात झटकन नेटवर गेला. सोमेश्वरचं कोपर नेटला लागलं होतं, म्हणून गुण तीर्थपुरीला. चौदा-चौदा!

नंतरचे दोन्ही गुण तीर्थपुरीनं घेतले आणि सामना जिंकला. सोमेश्वर तावातावानं स्टुलाखाली आला. "मामा, लागलंच नव्हतं! डोळे तपासून घ्या तुमचे!"

"बिलकुल लागलं! मी बघितलं!" मामा वरूनच ओरडले. पंधरा मिनिटं जोरात भांडण चाललं.

घरी येताना मामा माझ्यापुढं चालत होते. चेहरा फुलून आला होता.

"काय भांडला गं माझ्याशी!" ते म्हणाले. "एरवी जो तो आधी तब्येतच विचारतो, त्यानं एका शब्दानं विचारलं न्हाई!"