काळे उतरलेले कुंकू

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. सध्या कुवेतमध्ये, एगैलाच्या एका फ्लॅटमध्ये, कपाटाच्या खणात पालथा पडलो आहे. मला राग आला आहे. का, ते ऐका.

माझा जन्म सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात झाला. माझ्या कागदावर अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप आहे, म्हणून मी असा तुकतुकीत. माझ्यात सगुणाबाई बसल्या आहेत. मान हलू नये म्हणून त्यांच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावला होता. फोटो उतरायला लागे तितका वेळ हसू टिकत नसे, म्हणून त्या गंभीर आहेत, रागावलेल्या नाहीत. आणि त्या काळी फोटो ज्या काचेवर टिपत, तिला लाल रंग कळत नसे. लाल ते सारे काळे उतरे. कुंकूसुद्धा.

गेल्या आठवड्यात चारुताने संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी हॉल सजवायला घेतला. मला हातात धरून ती थांबली.

"अरे, ही तुझी खापरपणजी ना? कपाळाला काळं लावलंय. विधवा होती का रे?"

"असेल. मला कोण सांगणार?" तिचा नवरा धैर्यशील लॅपटॉपमधून डोके न काढता म्हणाला. तो तेलकंपनीत इंजिनिअर आहे.

"मग सवाष्णींसमोर हे काळं नको बाई."

"स्कॅन करून उडवतो. हवं तर हसवतोपण. फुकट आहे!"

अहो, मनगट बघा! पदराखालून काचेच्या बांगड्या डोकावतात. त्या काळी विधवेच्या हातात बांगड्या कोणी ठेवल्या असत्या? पण दोघांनी कपाळाखाली पाहिलेच नाही. रंगीत, दात दाखवणारी प्रत भिंतीवर गेली आणि मी खणात.

काल हळदीकुंकू झाले. इथल्याच वफ्रा गावच्या मळ्यातली गाजरे सुगडांत भरली होती. खणात मला सगळे ऐकू येत होते.

"चारुता, या कोण गं?" शेजारच्या शर्मिलाकाकूंनी विचारले.

"धैर्यशीलच्या खापरपणजी."

"अगंबाई! नवरा तरुणपणीच गेला वाटतं."

"का हो काकू?"

"कपाळ पांढरं आहे ना!"



मित्रांनो, माझ्यावर डाग पुष्कळ आहेत. कपाळावरचे काळे हा डाग नव्हता. सगुणाबाई अहेव, सवाष्णपणीच गेल्या. त्यांना विधवा केले ते त्यांच्या खापरपणतवाने, दिवाणखान्यात बसून. जुना फोटो सुधारायला घेण्याआधी तो नीट वाचायला शिका. आणि हा खण उघडा. मला सुलटा करा. मनगट बघा.