कोहळ्यावरचा पहिला घाव

बुधवारी संध्याकाळी प्रवीण कुनघाडकरच्या ओट्यावर एक अखंड कोहळं बसलं होतं. पुण्यामुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, तेच हे फळ. गडचिरोलीत त्याला कोहळं म्हणतात आणि त्याच्याशी जरा जपून वागतात. प्रवीणच्या आईने, वच्छलाबाईंनी, ते धानोऱ्याजवळच्या गावातल्या घराच्या छपरावरून उतरवलं होतं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं होतं. वाहकाने त्याचं तिकीट मागितलं नाही, मात्र शेजारच्या प्रवाशांनी त्याचं वजन, वय आणि गोडी यांची आस्थेने चौकशी केली.

या कोहळ्याचं सूप करायचं ठरलं होतं, कारण रात्री गुणवंतराव बारसागडे जेवायला येणार होते. गुणवंतराव निवृत्त मुख्याध्यापक होते आणि ‘विवेक प्रबोधन मंच’ या संस्थेचे मावळते जिल्हाध्यक्ष. मधुमेहामुळे ते रात्री हलकंच घेत. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा प्रवीण अनेक वर्षं या मंचाचा सचिव होता. हळद आणि चुना यांतून ‘रक्त’ कसं निघतं, हे त्याने जिल्ह्यातल्या बहुतेक आश्रमशाळांत दाखवलं होतं. आता त्याला अध्यक्ष व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं की नव्या लेटरहेडवर आपलं नाव कोणत्या टायपात शोभेल, याचा अभ्यासही त्याने उरकला होता.

मंचाचा एक रिवाज होता. (मंचाला रिवाज नसतात, त्याला ते ‘कार्यपद्धती’ म्हणत.) अध्यक्षपद देण्याआधी मावळत्या अध्यक्षाने उमेदवाराच्या घरी एकदा जेवायचं आणि जेवताना घरातल्या बायकांना एकच प्रश्न विचारायचा: या घरात एखादी अंधश्रद्धा पाळली जाते का? मागे एका पदाधिकाऱ्याच्या दारामागे काळी बाहुली सापडली होती, तेव्हापासून ही तपासणी सुरू झाली. उत्तर ‘नाही’ आलं की पद मिळायचं. प्रवीणने सकाळीच बायकोच्या, उर्वशीच्या, स्कूटीचं लिंबू-मिरची सोडवून टाकलं होतं आणि आईच्या घोट्यातला काळा दोरा लुगड्याच्या काठाखाली जाईल, अशी विनंतीही केली होती.

सहाच्या सुमाराला उर्वशीचा फोन आला. ती दवाखान्यात परिचारिका होती.

“मले उशीर होते. दोघी जणी सुटीवर हायेत. तुम्ही कोहळं कापून कुकरले लावून ठेवा. लसूण, मिरं, दूध, बाकीचं आल्यावर मी पाहते.”

“काळजीच करू नको,” प्रवीण म्हणाला आणि आईला हाक मारली. “आई, कोहळं कापून घे ना.”

वच्छलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी नाई कापत, बापा. पहिला घाव गड्याचा. तू एक घाव घाल, मंग बाकीचं माह्यावर सोड.”

हे प्रवीणला ठाऊक नव्हतं असं नाही. अखंड कोहळं म्हणजे घरचा थोरला पोरगा. बाईने ते चिरलं तर पोराच्या जिवाला बाधा, अशी समजूत या भागात घरोघर आहे. म्हणून घरातला एखादा पुरुष सुरी टेकवतो, एक चीर पाडतो आणि बाहेर निघून जातो. उरलेलं चिरणं, सोलणं, शिजवणं आणि भांडी घासणं यांपासून कोणाच्याही जिवाला धोका नसल्यामुळे ती कामं बायका करतात.

प्रवीणने सुरी उचलली. कोहळ्यावर टेकवलीही. आणि नेमका त्याच क्षणी त्याला विचार सुचला. आपण पुरुष आहोत. आपण पहिला घाव घातला, तर रिवाज पाळल्यासारखं होईल. तेही आपल्याच घरात, आपल्याच हाताने, अध्यक्षपदाच्या संध्याकाळी! त्याने सुरी खाली ठेवली. तत्त्व आणि आळस यांचा असा पुरता मेळ बसला की माणसाला त्यातलं तत्त्वच तेवढं दिसतं.

“आई, मी कापू शकत नाही,” तो गंभीरपणे म्हणाला.

“काऊन? हात दुखते?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे. मी कापलं तर अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल. तूच काप. मी इथे समोर उभा राहतो. तू कापल्यावर मला काही झालं नाही, म्हणजे समजूत खोटी ठरली. प्रयोगाचा नमुना मीच.”

“नमुना त तू हायसच,” वच्छलाबाई म्हणाल्या. “एकच पोरगा हाय मले. त्याच्यावर का प्रयोग करू? कापायचं असन त काप, नाई त राहू दे तसंच.”

कोहळं तसंच राहिलं. प्रवीणने तोवर बैठकीतली पुस्तकं पाठीचे कणे दिसतील अशी मांडली, आणि कोहळ्यात बीटा-कॅरोटीन किती असतं ते मोबाइलवर पाहून ठेवलं. यजमानाकडून तेवढं सहकार्य अपेक्षित असतंच.

उर्वशी आली तेव्हा अंधार पडला होता. हातपाय धुऊन ती स्वयंपाकघरात शिरली, कुकरचं झाकण उघडून पाहिलं, मग ओट्याकडे पाहिलं.

“हे अजून असंच बसून राह्यलं?”

प्रवीणने तिला भूमिका समजावून सांगितली. ती भूमिका सुसूत्र होती. गृहीतक, पुरावा आणि निष्कर्ष असे तिचे तीन भाग होते. उर्वशी ती ऐकताना लसूण सोलत होती.

“म्हणजे मी कापायचं.”

“तू कापलंस तर तो या घरातला इतिहास होईल.”

“बारा जणांचे सलाईन बदलून आली मी. इतिहास उद्या करते.”

“सून कापन त मी जेवणार नाई,” वच्छलाबाईंनी आपली बाजू मांडली. “तुमचा जीव तुम्ही पाहा. माह्या पोराचा मी पाहीन.”

सासूला उपाशी ठेवायचं की नवऱ्याला अध्यक्ष करायचं, असा हिशेब उर्वशी मनातल्या मनात मांडत होती, तेवढ्यात दारात गुणवंतरावांची चप्पल वाजली. ते वेळेआधी आले होते. जेवणाआधी घ्यायची गोळी त्यांनी शिस्तीने घरूनच घेतली होती, त्यामुळे त्यांना भूकही शिस्तीने लागली होती.

“काय वास येऊन राह्यला?” त्यांनी उत्साहाने विचारलं.

“लसणाचा, भाऊ,” प्रवीण म्हणाला. “एक तात्त्विक अडचण आली आहे.”

अडचण ऐकून गुणवंतराव भुकेसकट आनंदले. ते खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच बसले. प्रवीणने दुसरी खुर्ची आणली. कोहळं दोघांच्या नजरेच्या टप्प्यात होतं, आणि हाताच्या टप्प्याच्या जरा पलीकडे.

“तुम्ही फार नेमकं ओळखलं, प्रवीणभाऊ. पुरुषाने सुरी लावायचीच नाही. मीही लावणार नाही.”

“तुम्ही तर नाहीच, भाऊ. तुम्ही म्हणजे मंच.”

“पण एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येणार नाही. समजा, वच्छलाबाईंनी कापलं आणि उद्या तुम्हाला साधी सर्दी झाली, तर लोक काय म्हणतील? तुलनेला दुसरं कोहळं पाहिजे. एक बाईने कापलेलं, एक गड्याने.”

“आणि तुलनेला दुसरा मुलगा,” प्रवीण म्हणाला.

दोघांनी एकाच वेळी वच्छलाबाईंकडे पाहिलं.

“एवढ्यात नाई जमणार, भाऊ,” वच्छलाबाई म्हणाल्या.

मग नमुन्याचा आकार निघाला. योगायोग आणि कार्यकारण यांतला भेद निघाला. सुरीऐवजी यंत्राने कापलं तर यंत्राला कोणतं लिंग मानायचं, हाही मुद्दा निघाला आणि तो दोघांनाही मौलिक वाटला. गुणवंतरावांच्या कपाळावर घाम दिसू लागला. बोलता बोलता त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा, कोणी पाहत नाही असं समजून, ओट्यावरची साखरेची बरणी पाहिली. उर्वशीने ते पाहिलं होतं. तिने त्यांच्या हातात दोन बिस्किटं ठेवली.

“खाऊन घ्या, भाऊ. गोळी घेऊन बसले तुम्ही. इथीच चक्कर येऊन पडान, आणि मंग कोणाच्या घावानं पडले त्याची चर्चा होईन.”

मग तिने हात पुसले आणि दोघांसमोर उभी राहिली.

“एक विचारू? जुन्या लोकाईच्या रिवाजात गड्याले एक तरी घाव घालावा लागे. चार पावलं चालून ओट्यापर्यंत यावं लागे. तुमच्या विज्ञानानं तेवढेही कष्ट वाचवले, नाई का?”

गुणवंतरावांनी बिस्किट चावता चावता मान डोलावली. वाक्य त्यांना प्रभावी वाटलं होतं. ते आपल्याला उद्देशून आहे हे त्यांच्या अजून ध्यानात यायचं होतं. प्रवीण मात्र तोपर्यंत घामाघूम झाला होता. जेवताना विचारायचा प्रश्न अजून बाकी होता आणि त्याचं उत्तर याच बाईच्या तोंडून यायचं होतं.

उर्वशीने कोहळं दोन्ही हातांनी उचललं, कमरेवर घेतलं आणि मागच्या अंगणात गेली. धुणं धुवायच्या दगडासमोर उभं राहून तिने ते डोक्याच्या उंचीपर्यंत नेलं आणि सोडून दिलं.

आवाज मोठा झाला. शेजारचं कुत्रं भुंकलं. कोहळं तीन फाकांत मोकळं झालं आणि त्याचा पिवळाधमक गर ट्यूबलाइटच्या उजेडात ओला चमकला.

वच्छलाबाई दारातून पाहत होत्या. त्यांनी क्षणभर मुलाकडे पाहिलं. तो उभा होता, श्वास घेत होता.

“फुटलं,” उर्वशी म्हणाली. “कापलं नाई कोणी.”

वच्छलाबाईंनी विचार केला. समजुतीत कापण्याबद्दल सांगितलेलं होतं. पडण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं.

“फुटलं ते कापलं थोडीच,” त्या म्हणाल्या. “आण इकडं. पावशी दे.”

पावशी, म्हणजे पाय देऊन बसायची ती विळी, आली. दोघी अंगणातच बसल्या आणि ज्या कामावर अर्धी संध्याकाळ चर्चा झाली होती ते हां हां म्हणता उरकलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. कांदा-लसूण तुपात परतला गेला, उकडलेला गर मिक्सरमधून फिरला, थोडं दूध, वरून मिरपूड. घराला गोडसर, उबदार वास सुटला. आत बैठकीत तोवर ‘फोडणे’ हे ‘कापणे’ या संज्ञेत मोडते का, यावर मंचाच्या दोन ज्येष्ठ कार्यकर्त्यांचं एकमत होऊ शकलं नव्हतं.

सूप उत्तम झालं होतं. गुणवंतरावांनी पहिली वाटी न बोलता संपवली, यावरून ते कळलं. दुसऱ्या वाटीच्या आधी त्यांनी घसा खाकरला.

“आता कार्यपद्धतीप्रमाणे. वच्छलाबाई, या घरात एखादी अंधश्रद्धा पाळली जाते का?”

“मी त गावाले राहते, भाऊ. इथचं मले काय माहीत? सुनेले विचारा.”

गुणवंतराव उर्वशीकडे वळले. प्रवीणचा चमचा वाटीत थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी याचना होती की ती एखाद्या बाबाच्या दरबारात शोभली असती.

“एक पाळतात,” उर्वशी म्हणाली.

“कोणती?” गुणवंतराव पुढे झुकले.

“बाईचा हात लागल्याबिगर इथी भाजी कापल्या जात नाई, कुकर चढत नाई, ताट वाढल्या जात नाई. पुरुषाच्या हातानं केलं त काहीतरी अघटित होते म्हणतात. काय होते ते अजून कोणी पाह्यलं नाई, कारण करून कोणी पाह्यलं नाई.”

प्रवीणच्या डोळ्यांपुढून लेटरहेड सरकत गेलं. गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते प्रामाणिक गृहस्थ होते आणि प्रश्नाचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

“यात एखाद्या अलौकिक शक्तीचा दावा आहे का?”

“नाई.”

“भोंदू बाबा? चमत्कार? शोषण?”

शेवटच्या शब्दाशी उर्वशी जराशी थांबली. गुणवंतराव थांबले नाहीत.

“मग मंचाच्या व्याख्येत हे बसत नाही,” त्यांनी निर्वाळा दिला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. “ही अंधश्रद्धा नव्हे, ताई. ही घरची व्यवस्था आहे. आमच्याकडे तीस वर्षांपासून हीच आहे आणि मी तिच्यात कधीही अवैज्ञानिक असं काही पाहिलेलं नाही. प्रवीणभाऊ, अभिनंदन!”

प्रवीणने उठून गुणवंतरावांशी हात मिळवला. मग त्याच आनंदात आईच्या पाया पडला आणि मंचाच्या दृष्टीने हे चालतं का, अशी शंका येऊन अर्ध्यात सरळ झाला.

“भाऊ, पहिला कार्यक्रम मी ठरवलासुद्धा,” तो म्हणाला. “गांधी चौकात जाहीर प्रयोग. महिलांच्या हस्ते अखंड कोहळी कापायची. उर्वशी, सुरुवात तुझ्या हातून.”

“किती कोहळे?”

“पन्नास तरी हवीत. छाप पडली पाहिजे.”

“आणि कापल्यावर त्याईले शिजवणार कोण?”

दोन्ही अध्यक्षांनी, मावळत्या आणि उगवत्या, एकमेकांकडे पाहिलं. गुणवंतराव अनुभवी होते. त्यांनी डोळ्यांनीच सुचवलं की अशा प्रश्नांवर तत्काळ बोलायचं नसतं.

“त्यासाठी,” नवे जिल्हाध्यक्ष म्हणाले, “आपण एक महिला समिती नेमू.” आणि बसल्या जागेवरूनच त्यांनी रिकामी वाटी स्वयंपाकघराच्या दिशेने पुढे केली.